दुमड पुढच्या वेळी

मुख्य बातमी आधी सांगतो, कारण ती शेवटपर्यंत दाबून ठेवायची मला सवय नाही: स्कर्ट पूर्ण झाला. तो पूर्ण व्हायला नको होता. आणि तो पूर्ण झाला याला सर्वस्वी मी जबाबदार आहे. आता तपशील.

आमची नात पंधरा वर्षांची आहे. पाच वर्षांची होती तेव्हा सुट्टीत चाळीस दिवस आमच्याकडे राहायची. दहाव्या वर्षी पंधरा दिवस झाले, बाराव्या वर्षी आठवडा. मागच्या वर्षी एकदाच आली, तीही दुपारी जेवून संध्याकाळी परत. पुढच्या वर्षी ती वसतिगृहात जाणार आहे, दिवसभराच्या प्रवासावर. हा हिशेब माझा नाही, आमच्या हिचा आहे. ती तो कुठे लिहून ठेवत नाही. फक्त अधूनमधून भांडी पुसता पुसता म्हणते, "चाळीसाचे पंधरा झाले तेव्हाच मला कळायला हवं होतं."

तर त्या दिवशी नात फोनवर म्हणाली, "आजी, मला शिवायला शिकव ना. खिशांचा स्कर्ट. दुकानातल्यांचे खिसे नुसते दाखवायला असतात."

मुलगी सहज बोलली असावी. त्या वयात माणसं दिवसातून दहा गोष्टी शिकायच्या ठरवतात. पण हिने फोन ठेवला, गॅस बंद केला, पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "मशीन काढा. शनिवार-रविवार राहायला येतेय."

मशीन काढा म्हणणं सोपं आहे. आमचं पायमशीन सात वर्षांपूर्वी, घरात नवं कपाट आलं तेव्हा, सोसायटीच्या तळघरातल्या सामायिक खोलीत गेलं होतं. त्या खोलीत यंत्रं ठेवायला मनाई आहे. कोणाच्या तरी पंपातून तेल गळून कोणाची तरी गादी खराब झाली होती, तेव्हापासूनचा हा नियम. म्हणून मी त्या वेळी वहीत नोंद केली होती, 'टेबल, लोखंडी पायांचं, एक.' ही नोंद खोटी आहे असं मी मानत नाही. मशीन मिटवून ठेवलं की वर सपाट फळी असते आणि त्या फळीवर आमच्याकडे चार वर्षं कुंडी होती. अपूर्ण म्हणता येईल फार तर.

सेक्रेटरींनी माझा अर्ज दोनदा वाचला.

"काका, यादीत शिवणयंत्र नाही तुमचं."

"टेबल म्हणून आहे."

"मग अर्ज टेबलासाठी करा ना."

मी दुसरा अर्ज लिहिला. त्यात 'परत नेण्याचे कारण' असा रकाना होता. मी 'शिवणकाम' लिहिलं.

"टेबल नेताय शिवणकामाला?"

"टेबलावर बसून करणार."

"टेबलावर बसून?"

"टेबलाशी."

शेवटी ते स्वतः किल्ली घेऊन खाली आले. दोन सायकली, एक पाळणा आणि कोणाचा तरी व्यायामाचा पट्टा बाजूला केल्यावर मागे आमचं टेबल दिसलं. सेक्रेटरींनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली.

"काका, याला चाक आहे."

"काही टेबलांना असतं," मी म्हणालो.

त्यांनी वहीत शेरा लिहिला: 'टेबल (चाकासह) परत.' खाली माझी सही. जन्मभर दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढून पोट भरलेल्या माणसाला या वयात कशाकशाखाली सही करावी लागते, हे मी इथे फक्त नोंदवून ठेवतो.

मशीन तीन मजले चढवायला चाळीस मिनिटं लागली. त्यातली पंचवीस सल्ल्यांत गेली. आपल्या इमारतीत जड वस्तू घेऊन जिना चढणाऱ्या माणसाला कोणी हात देत नाही, पण एकटंही सोडत नाही. पहिल्या मजल्यावर निवृत्त बँकवाले दारात उभे होते. "पट्टा बघितलात का? चामड्याचा असतो. सात वर्षांत गेला असणार." दुसऱ्या मजल्यावर शाळेतल्या बाई म्हणाल्या, "अहो, हल्ली विजेवरची मिळतात. वहीएवढी. पिशवीतून आणता येतात." मी तेव्हा लोखंडी पाय छातीशी धरून भिंतीला टेकलो होतो. वहीचा आकार त्यांनी हाताने करून दाखवला.

पट्टा गेलेलाच होता. बँकवाल्यांचं बरोबर निघालं याचं दुःख जास्त. दुरुस्तीवाल्याला फोन केला.

"सोमवारी येतो."

"नात शनिवारी येतेय हो."

"मग नातीला सोमवारी बोलवा."

हे वाक्य मी हिला सांगितलं नाही.

पुढचे दोन दिवस पट्ट्यावर संशोधन चाललं. बँकवाल्यांनी कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी सुचवली. ती घसरत होती. बाईंनी लांब मोजे एकमेकांना बांधून पाहायला सांगितले. गाठ चाकाशी आली की मशीन उचकी लागल्यासारखं थांबत होतं. शेवटी मी पँटचा पट्टा लावून पाहिला. तो रुंद निघाला आणि त्या प्रयोगाच्या वेळी तो माझ्या पँटमध्ये नव्हता, हे दार उघडायला उठल्यावर लक्षात आलं. दारात सेक्रेटरी होते. 'टेबल मिळाल्याची पोच' राहिली होती. एका हाताने सही करता येते.

शनिवारी वेळ वाचावा म्हणून हिने शुक्रवारीच कापड बेतून ठेवलं. निळ्या बारीक चौकटींचं. माप मागच्या वर्षीचं, तिच्या आठवणीतलं. वर दोन बोटं वाढ धरलेली. "एवढी पुरे," ती म्हणाली आणि कात्री चालवली. मी म्हणालो, "आल्यावर माप घे ना." ती म्हणाली, "तिचं माप मला घ्यावं लागतंय होय!"

शनिवारी सकाळी नात आली. दारातच तिने आजीला मिठी मारली आणि हिची हनुवटी तिच्या खांद्यापाशी अडकली. मागच्या वर्षी उलट होतं. बाकीच्या आज्या अशा वेळी "किती वाढलीस गं!" असं कौतुकाने म्हणतात. हिनेही तेच शब्द वापरले, पण सूर असा होता की जणू पोरीने कबूल केलेली गोष्ट पाळली नाही. मग ती मागे सरकली आणि नातीच्या चेहऱ्याकडे न बघता गुडघ्यांकडे बघायला लागली.

स्कर्ट सहा बोटं तोकडा होता.

"आजी, मस्त आहे. शॉर्टच करू या."

"शॉर्ट नको."

"का?"

"शॉर्ट म्हणजे चुकलेला."

खाली निराळ्या कापडाची पट्टी जोडायची ठरली. शोभेल असं कापड घरात कुठे आहे, यावर दोघींची नजर एकाच वेळी फिरली आणि एकाच जागी थांबली. बाहेरच्या खोलीतल्या पडद्यावर. मी त्या पडद्याखालीच दुपारचा आडवा होतो. माझं मत विचारलं गेलं नाही. अर्ध्या तासात पडदा खाली आला आणि त्याची खालची बाजू कापली गेली. उरलेला परत टांगल्यावर खिडकीचा वरचा निम्मा भाग तेवढा झाकला गेला. संध्याकाळी फाटकाशी समोरच्या इमारतीतले एक गृहस्थ, ज्यांच्याशी माझी आजवर ओळख नव्हती, थांबून म्हणाले, "दुपारी झोपता वाटतं तुम्ही? उताणे?"

आता प्रश्न चाकाचा. पट्टा नाही म्हणजे पायाने चालवता येणार नाही. चाक हाताने फिरवायला हवं आणि कापड दोन्ही हातांनी धरायला हवं. एका माणसाला हात दोनच असतात.

"आबा आहेत ना," नात म्हणाली.

मशीनच्या उजव्या बाजूला माझ्यासाठी स्टूल ठेवण्यात आलं. नात कापड धरून बसली. ही मागे उभी.

"फिरवा. हळू. हळू म्हटलं ना! थांबा. अहो, थांबा म्हणजे थांबा. उलटं नका फिरवू, दोरा तुटतो."

दोरा तुटला.

"आबा, तुम्ही आमची मोटर आहात," नात दोरा ओवत म्हणाली.

"मोटरला एवढं ऐकून घ्यावं लागत नाही."

"म्हणूनच लोक विजेची घेतात," ही म्हणाली.

पण टीप उमटायला लागली. पहिली शिवण पूर्ण झाली तेव्हा नातीने ती हाताने वरपासून खालपर्यंत चाचपली आणि म्हणाली, "आजी, हे मी केलं!" हिने चष्मा लावला, शिवण उजेडात धरली आणि म्हणाली, "वाकडी आहे. उसव."

वाकडी होती, मान्य. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "टाका मोठा आलाय. उसव." तेही असेल. तिसऱ्यांदा मी भिंग आणून पाहिलं. शिवण आखल्यासारखी सरळ होती. मी तसं म्हणालो.

"तुम्ही चाक बघा," ही म्हणाली.

मला वाटलं, पोर आता रडकुंडीला येणार. ती एकदा आजीकडे बघून हसली, ब्लेड उचललं आणि एकेक टाका मोकळा करायला बसली. ही तिच्या शेजारी खाली टेकली. मोटरला तेवढा वेळ सुट्टी.

दुपारी नात पाणी प्यायला आत आली तेव्हा मी हळूच विचारलं, "कंटाळा नाही येत? सारखं उसव, उसव."

"नाही आबा. शिवताना आजी फक्त मापं सांगते. उसवताना बोलते."

"काय बोलते?"

"ते आमचं आहे."

मी चहाचे कप घेऊन गेलो तेव्हा बोलणं थांबलं, पण शेवटचा तुकडा कानावर पडला.

"खोलीत किती जणी?" ही विचारत होती.

"तिघी बहुतेक."

"खिडकी आहे?"

"असेल गं आजी. खिडकी तर असतेच."

"असतेच म्हणू नकोस. बघून घे. पलंग खिडकीकडचा माग. आधी पोचलं की मिळतो."

मग मला बघून ती म्हणाली, "चहा तिकडे ठेवा. कापडावर सांडेल."

रविवारी सकाळी मी वेळापत्रक केलं. मला वेळेवर काम हातावेगळं करायची सवय आहे. संध्याकाळच्या कामाला सकाळी हात घातला नाही तर मला जेवण जात नाही. नऊ ते साडेदहा कंबरपट्टी. साडेदहा ते बारा खिसे. दोन ते चार दुमड. चार ते साडेचार इस्त्री. साडेचार ते पाच राखीव. पाचला मुलगा गाडी घेऊन तिला न्यायला येणार होता. तो कागद मी मशीनवर ठेवला. तासाभराने पाहिलं तर त्याच्या पाठीवर खिशाचा आकार काढून कापलेला होता. दुमडीचे दोन ते चार खिशात गेले होते.

खिशावरून बराच वाद झाला. नातीला फोन मावेल एवढा हवा होता. हिने बेतला तो कोपरापर्यंत हात जाईल असा.

"आजी, यात फोन पडला तर वाजला तरी सापडायचा नाही."

"न सापडू दे."

"आणि तुझा फोन आला तर?"

हिने खिसा दोन बोटं कमी केला.

चार वाजता फक्त दुमड राहिली. खालचा घेर मोठा आणि ती हाताने घालायची, आत-बाहेर न दिसणारी. तासाभराचं काम, दोघींनी दोन बाजूंनी धरलं तर त्याहून कमी. मी तसं सुचवलं. हिने धावदोरा घालून कापड तात्पुरतं अडकवलं आणि सुई रिळात खोचून ठेवली.

"दुमड राहू दे. पुढच्या वेळी."

"इथेच ठेवू?" नातीने विचारलं.

"ठेव. कपाटात ठेवते. कोणी हात लावत नाही."

आता वाचकाच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. मला दिसत होतं ते एवढंच: सव्वाचार वाजलेत, काम पंच्याण्णव टक्के झालंय आणि पाच टक्क्यांसाठी ते अडकून पडतंय. अर्धवट काम मला बघवत नाही. ते रस्त्यात उभ्या गाडीसारखं मनात आडवं येत राहतं.

पाचला खाली हॉर्न वाजला. ही नातीसाठी डबा भरायला आत गेली. मी तेवढ्यात स्कर्ट नीट घडी करून नातीच्या बॅगेत घातला. बरोबर निळ्या दोऱ्याचं रीळ, कागदात टोचलेली सुई आणि माझ्या हाताने लिहिलेल्या सूचना. एकूण सात. पहिली: दोरा हातभरच घ्यावा, लांब घेतल्यास गुंततो. सातवी: शेवटी टाके मोजावेत. सूचना चांगल्या होत्या. आजही त्यातला एक शब्द मी बदलणार नाही, आणि हीच तर अडचण आहे.

मुलगा वर आला, पाणी प्याला, "आई, उशीर होतोय गं," म्हणाला. नातीने दोन मिठ्या मारल्या. गाडी वळेपर्यंत ही गॅलरीत उभी होती. वळल्यावरही थोडा वेळ. मग आत आली, मशीनवरचे दोरे गोळा केले आणि विचारलं, "स्कर्ट कुठे ठेवलात?"

"दिला की!" मी म्हणालो. शाबासकीची अपेक्षा नव्हती, असं नाही. "सुई-दोऱ्यासकट. सूचना लिहून दिल्यात. दोन दिवसांत होईल तिचं."

ती मशीनसमोर बसली. पाय पायडलवर ठेवले आणि हलवायला लागली. पट्टा नव्हता, त्यामुळे वरचं चाक हललं नाही. पायडल नुसतं खालीवर होत राहिलं. रिकाम्या घरात त्याचा आवाज बराच मोठा येतो.

"होईलच तिचं," पाय न थांबवता ती म्हणाली. "हात चांगला आहे तिचा."

तेव्हा मला कळलं. तीन वेळा उसवलेली शिवण, राहू दे म्हटलेली दुमड, कपाट. दोन दिवस मी त्या मशीनला चिकटून बसलो होतो, आणि काय शिवलं जातंय ते मलाच दिसलं नव्हतं.

सोमवारी दुरुस्तीवाला आला. नवा पट्टा टाकला, तेल घातलं, एका पायाने चालवून दाखवलं. मशीन लोण्यासारखं चालत होतं. "आता शिवा काय शिवायचं ते," तो म्हणाला. मी उरलेल्या पडद्याकडे पाहिलं. ही म्हणाली, "झाकण घाला त्यावर. धूळ बसते."

जिन्यात बाई भेटल्या. "झाला का स्कर्ट?" मी म्हणालो, होत आलाय. बँकवाल्यांनी विचारलं, "पट्टा कोणता टाकलात?" मी ऐकू न आल्यासारखं केलं.

बुधवारी दुपारी फोन टणकन वाजला. फोटो होता. स्कर्ट, आतली बाजू वर केलेला, दुमड दिसेल असा. खाली लिहिलेलं: 'आजीईई!! पूर्ण झाला! दोनशे अठ्ठेचाळीस टाके. आबांच्या सूचनेप्रमाणे मोजले!!'

हिने चष्मा पुसून लावला. दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि एका टोकापासून बघायला सुरुवात केली. टाका, मग टाका, मग टाका. कापड सरकवावं तसा ती फोटो सरकवत होती. ती कौतुक करत नव्हती, चूक शोधत होती. आणि इतक्या आशेने चूक शोधताना मी कोणाला पाहिलेलं नाही. मी स्वतः कधी शोधली नाही.

दुसऱ्या टोकाला पोचल्यावर तिने चष्मा काढला.

"सरळ आहेत सगळे," ती म्हणाली. "एक नाही चुकलेला." आणि फोन माझ्याकडे दिला. "छान झालाय म्हणून लिहा. मला नाही लिहायला येत पटकन."

मी लिहिलं, 'छान झाला आहे.' मग थांबलो. मग पुढे लिहिलं, 'फक्त डाव्या शिवणीजवळ एक टाका चुकला आहे. उसवावा लागेल.' आणि पाठवलं.

ही खांद्यावरून वाचत होती. "कुठे चुकलाय?"

"चुकलाय," मी म्हणालो.

फोन लगेच वाजला. 'कुठे आबा? मला तर दिसत नाही.'

'फोटोत दिसणार नाही. हातात घेऊन बघावं लागेल.'

बराच वेळ काही आलं नाही. ती लिहितेय असं वर दिसायचं, मग जायचं, परत दिसायचं. ही मशीनच्या स्टुलावर बसली. मी उभाच होतो.

मग आलं. 'मी परत मोजले. दोनशे अठ्ठेचाळीसच आहेत. सगळे नीट आहेत.'

मी ते मोठ्याने वाचलं. हिने नुसती मान हलवली. पोरीचा हात चांगला, आणि मोजणंही चोख. दोन्ही आमच्याकडूनच गेलेलं. तक्रार कोणाकडे करणार?

तेवढ्यात खाली आणखी एक ओळ आली.

'पण तुम्ही म्हणताय तर असेल चुकलेला. उसवायला किती वेळ लागेल?'

एक टाका उसवायला वेळ तो किती लागणार! मी हिच्याकडे बघितलं.

"दोन दिवस," ती म्हणाली. "लिहा."

मी लिहिलं, 'दोन दिवस', आणि पाठवून दिलं. ही उठली, माझ्या हातातून फोन घेतला, ओळ नीट वाचली आणि म्हणाली, "तीन लिहायला काय झालं होतं तुम्हाला?"